बिनपायांचा फेरीवाला

मंडळी, आज आपण एका फेरीवाल्याचा धडा वाचू.

हा फेरीवाला डोक्यावर पाटी घेत नाही. गल्लीत आरोळी देत नाही. त्याला पायच नाहीत. तरी तो दिवसातून दहा वेळा आपल्या घरी येतो. आपण बांधावर भाकरी खात असतो, तिथे येतो. रात्री निजलो की उशाशी येतो. त्याला कोणी बोलावलेले नसते.

तुम्ही ओळखलेच असेल. हा फेरीवाला आपल्या फोनात राहतो. "दादा, कर्ज पाहिजे का?" "ताई, घरबसल्या पैसे कमवा." "स्वस्तात प्लॉट." असे निरोप व्हॉट्सॲपवर येतात, फेसबुकवर येतात. आपल्या शिकलेल्या मुलामुलींना लिंक्डइनवर येतात.

हा फेरीवाला कोण, तो आपल्याला कसा शोधतो आणि त्याच्या तोंडावर दार कसे लावायचे, ते आपण शिकू. शेवटी आमच्या वर्गात घडलेली एक गोष्ट सांगू. त्या गोष्टीत चूक आमचीच होती. म्हणून ती सांगणे आम्हाला भाग आहे.

१. कासार आणि फोनवाला

गावात कासार येतो. उंबऱ्याबाहेर उभा राहून विचारतो, "बांगड्या भरायच्यात का, बाई?" आपण म्हणतो, "आज नको, दादा." तो पाटी उचलतो आणि पुढच्या घरी जातो. त्याला पुढच्या महिन्यात परत याच गावात यायचे असते. बांगडी तडकलेली निघाली तर त्याला जाब विचारता येतो. म्हणून तो जपून बोलतो.

आता सांगा, कासार जिल्ह्यातल्या प्रत्येक घरी का जात नाही? त्याचे पाय दुखतात. एसटीचे भाडे पडते. दिवस मावळतो. जिथे बांगडी खपेल असे वाटते, तिथेच तो जातो. त्याचे श्रम हाच त्याला लगाम असतो.

फोनवाल्याला हा लगाम नाही. त्याला एका माणसाला निरोप धाडायला जेवढा त्रास, तेवढाच दहा हजारांना धाडायला. खर्चही अगदी थोडा.

आपण एक हिशेब मांडू. समजा, एकाने १०,००० लोकांना निरोप धाडला. त्यातल्या ९,९९० लोकांनी तो पुसून टाकला. १० जणांनी उत्तर दिले. त्यातल्या दोघांनी प्रत्येकी २,००० रुपयांचा माल घेतला. म्हणजे ४,००० रुपयांची विक्री झाली. फोनवाला खूश! ९,९९८ लोक "नको" म्हणाले, याचे त्याला काहीच वाटत नाही.

आता हिशेबाची दुसरी बाजू पाहा. प्रत्येकाचा अर्धा मिनिट गेला. फोन काढला, पाहिला, पुसला, ठेवला. १०,००० अर्धे मिनिट म्हणजे ५,००० मिनिटे. म्हणजे ८३ तासांहून जास्त. रोजचे आठ तास धरले तर एका मजुराचे दहा दिवसांचे काम झाले! ही दहा दिवसांची मजुरी कोणी भरली? फोनवाल्याने नाही. आपण सर्वांनी मिळून भरली. प्रत्येकाकडून थोडी थोडी गेली, म्हणून कोणाला कळले नाही.

हे नीट ध्यानात ठेवा. कासार येतो तेव्हा श्रम त्याचे असतात. फोनवाला येतो तेव्हा श्रम आपले असतात.

२. ही खोड जुनी आहे

कोणी म्हणेल, ही सगळी नव्या फोनची करामत. तसे नाही.

इंग्लंडात लंडन हे मोठे शहर आहे. १८६४ साली तिथे काही मोठ्या लोकांच्या घरी संध्याकाळी तार आली. त्या काळी तार म्हणजे तातडीचा निरोप. आपल्याकडेही सरकारी तार २०१३ साली बंद होईपर्यंत असेच होते. तारवाला दारात दिसला की घरच्यांच्या पोटात धस्स व्हायचे. लंडनच्या त्या लोकांनी घाईने तार उघडली. आत काय होते? दाताच्या डॉक्टरांची जाहिरात! आम्ही सकाळी १० पासून ५ पर्यंत दवाखान्यात भेटू, असा मजकूर होता. एकाला इतका राग आला की त्याने 'टाइम्स' या वर्तमानपत्राला पत्र लिहून तक्रार केली.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. सन १९७८, मे महिन्याची ३ तारीख. तेव्हा आजच्यासारखे इंटरनेट नव्हते. काही विद्यापीठे आणि सरकारी कचेऱ्या यांचे संगणक एका जाळ्याने जोडलेले होते. गॅरी थर्क नावाचा गृहस्थ संगणक विकणाऱ्या कंपनीत कामाला होता. त्याने त्या जाळ्यावरून सुमारे ४०० जणांना एकदम निरोप धाडला, "आमचे नवे संगणक पाहायला या." लोक संतापले. जाळे सांभाळणाऱ्यांनी कानउघाडणी केली. पण त्या निरोपामुळे पुष्कळ माल खपला, असे थर्क पुढे सांगत असे.

खोड का मोडली नाही, ते आता कळले ना? लोक रागावतात, पण माल खपतो. जोवर दहा हजारांत दोघे घेतात, तोवर निरोप येतच राहणार.

अशा निरोपांना इंग्रजीत 'स्पॅम' म्हणतात. स्पॅम हे खरे तर डब्यातल्या मांसाचे नाव. १९७० साली इंग्लंडच्या टीव्हीवर एक विनोदी खेळ झाला. त्यात 'स्पॅम, स्पॅम' असा इतका गलका झाला की माणसांचे बोलणे ऐकूच येईना. त्यावरून हे नाव पडले. नाव चपखल आहे. गलका वाढला की कामाचे बोलणे बुडते.

३. आपला पत्ता त्याला कोण देतो?

"आमचा नंबर यांना मिळतो कसा?" हा प्रश्न वर्गात नेहमी येतो. पुष्कळदा तो आपणच दिलेला असतो.

जत्रेत एक टेबल मांडलेले असते. "चिठ्ठी भरा, सोडतीत मोटारसायकल मिळवा." आपण नाव, गाव आणि नंबर लिहून देतो. मोटारसायकल कोणाला मिळते ते कळत नाही, पण नंबर दहा ठिकाणी जातो.

दुसरी वाट व्हॉट्सॲपच्या ग्रुपची. दोनशे माणसांच्या ग्रुपात आपले नाव असले की आपला नंबर त्या दोनशे जणांना दिसतो. त्यात एखादा विकणारा असला, तर त्याला आयते पीक मिळते.

तिसरी वाट लिंक्डइनची. हा नोकरीधंद्याचा चव्हाटा आहे. माणसे तिथे आपले शिक्षण आणि आपले काम लिहून ठेवतात. काम देणारे ते वाचतात. अमेरिकेत २००३ साली हा सुरू झाला. आता आपल्याकडची मुलेही तिथे नाव घालतात. त्यात वाईट काही नाही. पण जे काम देणारा वाचतो, तेच विकणाराही वाचतो.

आमच्या वर्गातल्या एका ताईंची मुलगी बी. कॉम. झाली. तिने लिंक्डइनवर नाव घातले. चौथ्या दिवशी निरोप आला. "तुमची माहिती वाचून आनंद झाला. तुमच्यासारख्या हुशार मुलीची आम्हाला गरज आहे." ताई हरखल्या. शेजारणीला सांगून आल्या. मुलीने उत्तर दिले. मग दुसरा निरोप आला. "आधी आमचा तीन महिन्यांचा वर्ग करा. फी १८,००० रुपये." नोकरीचे नावच नाही! तो नोकरी देणारा नव्हताच. वर्ग विकणारा होता.

मुलगी दोन दिवस जेवली नाही. पैसे गेले नव्हते, पण आशा गेली होती. कामाची गरज असलेल्याला गोड शब्द लवकर लागतो. हे विकणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून घरातल्या मुलांना सांगून ठेवा. काम देणारा पगार देतो. जो आधी पैसे मागतो, तो काम देत नाही, काहीतरी विकतो. नाहीतर लुबाडतो.

४. विकणारा आणि लुबाडणारा

न बोलावता आलेला प्रत्येक जण चोर नसतो. काही खरेच दुकानदार असतात. त्यांचा त्रास होतो, पण ते लुटत नाहीत. मात्र चोर त्यांचाच वेष घेऊन येतो. मग ओळखायचे कसे? या पाच खुणा लक्षात ठेवा.

पहिली खूण : घाई. "आजच्या आज भरा, नाहीतर संधी गेली." बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, चार जणांना विचारतो. इथे कोणी विचारू देत नसेल तर समजावे, काहीतरी काळेबेरे आहे.

दुसरी खूण : आधी पैसे. कर्ज मंजूर झाले, पण आधी फी भरा. बक्षीस लागले, पण आधी कर भरा.

तिसरी खूण : गुप्त आकडा. फोनवर जो ओटीपी येतो, तो आपल्या पेटीच्या किल्लीसारखा आहे. बँकेचा माणूसही तो मागत नाही.

चौथी खूण : फाइल. लग्नपत्रिका, सरकारी यादी किंवा बिल म्हणून अनोळखी माणूस फाइल धाडतो. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरे असली तर ती पत्रिका नव्हे. ते फोनात शिरणारे ॲप आहे. ती उघडू नका.

पाचवी खूण : सरकारचे नाव. सौर पंपाच्या योजनेच्या नावाने खोटी संकेतस्थळे काढून शेतकऱ्यांकडून पैसे उकळले गेले. सरकारला त्याबद्दल सावधगिरीची सूचना काढावी लागली. योजनेची चौकशी ग्रामपंचायतीत, तलाठ्याकडे किंवा कृषी सहायकाकडे करा. फोनात आलेल्या निरोपावर विसंबू नका.

एवढे करूनही पैसे गेले तर? लाजू नका आणि वाट पाहू नका. लगेच १९३० या नंबरला फोन लावा. तक्रार जितकी लवकर, तितके पैसे अडवता येण्याचा संभव जास्त. "लोक काय म्हणतील" म्हणून चार दिवस गप्प बसलात, तर चोर पैसे घेऊन पसार होतो.

५. दार कसे लावावे?

अनोळखी विकणाऱ्याला उत्तर देऊ नका. "नको" असेही लिहू नका. दारात आलेल्या कासाराला "नको" म्हणणे ही माणुसकी आहे. पण फोनवाल्याला "नको" धाडले की त्याला एवढेच कळते, की या नंबरवर कोणीतरी वाचणारे आहे. मग तो जास्तच येतो. रागाने शिव्या लिहिल्या तरी तेच.

व्हॉट्सॲप : निरोप उघडून 'ब्लॉक' दाबा. सोबत 'रिपोर्ट' असेल तर तेही दाबा. ब्लॉक म्हणजे दाराला कडी. रिपोर्ट म्हणजे कंपनीकडे तक्रार. आपण कडी लावली, हे कंपनी त्या माणसाला कळवत नाही.

व्हॉट्सॲपचे ग्रुप : 'सेटिंग्ज'मध्ये जा. मग 'प्रायव्हसी', मग 'ग्रुप्स'. तिथे आपल्या ओळखीच्या नंबरांपुरतीच परवानगी ठेवता येते. मग अनोळखी माणूस आपल्याला परस्पर ग्रुपात ओढू शकत नाही. फोन मराठीत असेल तर हे शब्द मराठीत दिसतील. अडले तर वर्गात फोन घेऊन या.

फेसबुक आणि लिंक्डइन : इथेही ब्लॉक आणि रिपोर्ट आहे. अनोळखी माणसाने "मैत्री करू", "ओळख ठेवू" म्हटले म्हणून 'हो' दाबायलाच हवे असे नाही. भिडेखातर दार उघडू नका.

साधे मेसेज आणि फोन : यासाठी सरकारी नियम आहे. १९०९ या नंबरला फोन करून "मला जाहिराती नकोत" अशी नोंद करता येते. बँकेचे कामाचे मेसेज तरीही येत राहतात, बंद पडत नाहीत. नोंद केल्यावरही जाहिरात आली, तर सात दिवसांच्या आत तक्रार करावी. जाहिरातीचा मेसेज धाडणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता 'पी' हे इंग्रजी अक्षर असते. ते आपल्या मुलांकडून ओळखायला शिका.

पण एक गोष्ट विसरू नका. १९०९ ची नोंद साध्या मेसेजला आणि फोनला लागू पडते. व्हॉट्सॲप, फेसबुक, लिंक्डइन यांवरच्या निरोपांना ती अडवत नाही. तिथली कडी आपली आपणच लावायची. तिथे कोणी फसवू पाहत असेल तर सरकारच्या 'संचार साथी'वर 'चक्षू' नावाची सोय आहे. तिच्यावर कळवता येते. ती २०२४ साली सुरू झाली.

६. आमची चूक

आता ती गोष्ट.

आमच्या वर्गातल्या बायकांचा एक बचत गट आहे. त्या उडदाचे पापड करतात. पापड चांगले, पण गिऱ्हाईक थोडे. एक दिवस त्या म्हणाल्या, "गुरुजी, फोनवरून विकले तर?" आम्हाला आनंद झाला. आम्ही हजेरीची वही काढली. तीत वर्गातल्या सगळ्यांचे नंबर होते. ते नंबर आम्ही गटाला दिले. कोणाला विचारले नाही. आपलीच माणसे, विचारायचे काय, असे वाटले.

गटाने ४१ जणांचा ग्रुप केला. सकाळी पापडाचा फोटो, दुपारी भाव, संध्याकाळी पुन्हा फोटो. कोणी "छान" लिहिले, कोणी हात जोडले, कोणी सुप्रभात धाडले. दिवसाला साठ-साठ निरोप होऊ लागले.

वर्गात एक आजोबा येतात. वय सत्तरच्या पुढे. अक्षर लावून लावून वाचतात. त्यांची लेक दूरच्या गावी दिली आहे. एका रात्री तिची पोर तापाने फणफणली. तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. आजोबांच्या गल्लीत फोन नीट लागत नाही, म्हणून लेकीने निरोप लिहिला, "बाबा, पोरीला दवाखान्यात नेलंय. तुम्ही या." तो निरोप पापडांच्या खाली दबला. आजोबांनी फोन पाहिला, साठ निरोप दिसले, आणि "पापडच असतील" म्हणून खाली ठेवला. लेकीचा निरोप त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला.

पोर बरी झाली. पण रात्रभर लेक एकटी बसली होती. "बाबांनी वाचूनही आले नाहीत," असे तिला वाटले.

आजोबा वर्गात आले. ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, "गुरुजी, माझा नंबर मी तुम्हाला हजेरीसाठी दिला होता."

आम्हाला खाली पाहावे लागले. फोनवाल्याला आम्ही नावे ठेवत होतो. आम्ही वेगळे काय केले? आमचे पापड खरे होते, भाव वाजवी होता, मन साफ होते. पण विचारले नव्हते. लंडनची ती तार आणि आमचे पापड यांत फरक उरला नाही.

आम्ही आजोबांची माफी मागितली. तो ग्रुप मोडला. मग गटाने एक नवी वही केली. तीत प्रत्येकाचे नाव लिहिले आणि पुढे जागा सोडली. वही वर्गात फिरवली. ज्याला पापडाचा निरोप हवा त्याने 'हो' लिहावे. ज्याला नको त्याने 'नको' लिहावे. कोणाची भीड नाही. गटाने तीन नियम केले. विचारल्याशिवाय निरोप धाडायचा नाही. आठवड्याला एकच निरोप, तोही ग्रुपात नाही, ज्याचा त्याला. आणि कोणी "आता पुरे" म्हटले की त्याच दिवशी नाव खोडायचे.

४१ पैकी १७ जणांनी 'हो' लिहिले. बायका थोड्या हिरमुसल्या. पण पहिल्या आठवड्यात त्या १७ पैकी ९ जणांनी पापड मागवले. आधी ४१ जणांच्या गलक्यात चौघांनी मागवले होते.

आजोबांनी वही पुढे ओढली. पेन घट्ट धरले आणि सावकाश 'नको' असे लिहिले. दोनच अक्षरे, आमच्याच वर्गात शिकलेली. मग मान वर करून म्हणाले, "पापड मात्र पावशेर द्या. पैसे आणलेत."

सांगा पाहू

१. कासाराला कोणता लगाम असतो? फोनवाल्याला तो का नसतो?
२. १०,००० निरोपांच्या हिशेबात दहा दिवसांची मजुरी कोणी भरली?
३. १९०९ आणि १९३० या नंबरांचा उपयोग कशासाठी?
४. गुरुजींची चूक कोणती? पापड चांगले असूनही ती चूक का ठरली?

करून पाहा

१. आज आपल्या फोनात न बोलावता आलेले निरोप मोजा. त्यांतला एक ब्लॉक करा.
२. १९०९ आणि १९३० हे नंबर स्वतःच्या अक्षरात लिहून चुलीजवळच्या किंवा देवघराजवळच्या भिंतीवर लावा.
३. तुम्ही काही विकत असाल, दूध, भाजी, पापड, काहीही, तर 'हो' आणि 'नको'ची एक वही करा.